मुळात शिजतं काय? अमिनोची बाटली, पिवळं सोयाबीन आणि माझ्या शंका

तिफण | ११ ऑगस्ट, रात्री ९:४०

रामराम मंडळी. गाव औसा तालुक्यात, रान काळं आणि भारी. सोयाबीन पावणेदोन महिन्यांचं झालंय. मधे आठ दिवस झड लागली, खालच्या अंगाला पाणी उभं राहिलं. वाफसा अजून नाही आणि पीक पिवळं पडायलंय.

दुकानात गेलो. दुकानदारानं एक लिटरची 'अमिनो'ची बाटली हातात दिली. म्हणाला, "पिकाला ताण बसलाय, मुळाला अमिनो ॲसिड बनवायची ताकद राहिली नाही. आपण आयतं जेवण द्यायचं. आळवणी करा, म्हणजे पाण्यात मिसळून बुडाशी ओता, आठ दिवसांत हिरवीगार काळोखी येते." साडेसातशे रुपये. घेतली. घरी येऊन लेबल वाचलं तर 'अमिनो आम्ल २० टक्के' एवढंच.

रात्रीपासून डोक्यात किडा वळवळायलाय. मी बारावी सायन्सवाला, पण तेव्हा जीवशास्त्र म्हणजे आकृतीला नावं देणं एवढंच होतं. मुळं खत ओढतात हे माहीत आहे. पण ती अमिनो आम्ल स्वतः बनवतात का? कशापासून? बनवली तर शेंड्यापर्यंत पोचवतं कोण? आणि हे सगळं झाड स्वतःच करत असेल तर माझी बाटली नेमकं काय करणार?

बिनकामाचा | ११ ऑगस्ट, रात्री ९:५२

आम्ल आहे ना? मग मोरी साफ करायला वापरून बघा. साडेसातशे वसूल.

काळी_आई | ११ ऑगस्ट, रात्री १०:३०

भाऊ, आधी बाटली ठिवा बाजूला. एखादं झाड काढलं का? ओढून नका काढू, मुळावरच्या गाठी मातीतच राहतात. खुरप्यानं खणून काढा, बादलीत धुवा, अन् गाठ नखानं फोडा. आतून लाल-गुलाबी निघाली तर झाड कामावर हाय. करडी नाहीतर हिरवट निघाली तर काम बंद. आमच्या जिंतूरच्या अंगाला खोलगट रानात करड्याच निघायल्यात.

आणि पिवळं वरचं पान हाय का खालचं? नुसतं पिवळं पिवळं म्हणल्यानं काय कळतंय?

पारंबी | १२ ऑगस्ट, सकाळी ६:५५

काळी_आईंनी पहिल्याच दमात मुद्द्याला हात घातलाय. तोपर्यंत मी तिफणच्या शंकांकडे वळते. अंबाजोगाईला बरीच वर्षं पोरांना वनस्पतीशास्त्र शिकवलंय, त्यामुळे लांबण लागली तर सवय समजा.

आधी 'आम्ल'. बिनकामाचा, ती बाटली मोरीत ओतलीत तर फरशीला काही होणार नाही आणि मोरीही साफ होणार नाही. अमिनो आम्ल म्हणजे प्रथिनाची वीट. ती वीट झाडाच्या घरातच भाजली जाते, आणि तिची एक मोठी भट्टी मुळात असते. मूळ म्हणजे स्ट्रॉ, ही समजूत काढून टाका. मूळ म्हणजे बिनखिडकीचं स्वयंपाकघर.

तुम्ही युरिया टाकता. जमिनीतले जिवाणू आधी त्याचं अमोनियम करतात आणि मग नायट्रेट. आपल्या हवेशीर काळ्या रानात मुळाच्या तोंडाशी येतं ते बहुतेक नायट्रेटच. पण नायट्रेटची वीट होत नाही, त्यावर आधी प्रक्रिया करावी लागते. पेशीत शिरल्यावर नायट्रेट रिडक्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं नायट्राइट करतं (या विकराला मॉलिब्डेनम लागतं, अगदी कणभर, पण त्यावाचून अडतं). नायट्राइट विषारी, म्हणून ते बाहेर रेंगाळू न देता प्लास्टिड नावाच्या कोठडीत ढकललं जातं. पानातल्या हरितकणांची ही बिनरंगाची चुलत भावंडं. तिथं नायट्राइटचं अमोनियम होतं.

एका नायट्रेटचं अमोनियम करायला आठ इलेक्ट्रॉन लागतात. पानात ही उधारी ऊन फेडतं. मुळात ऊन कुठलं? तिथं पानानं खाली पाठवलेली साखर जाळून ती फेडावी लागते. साखर जाळायला हवा लागते. हे वाक्य लक्षात ठेवा तिफण, तुमच्या उभ्या पाण्याचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

आता खरी गंमत. अमोनियमही साठून चालत नाही. ग्लुटामेट नावाचं अमिनो आम्ल आधीच हजर असतं, त्याला अमोनियम चिकटवून ग्लुटामिन होतं. हे काम ग्लुटामिन सिंथेटेजचं. मग दुसरं विकर, गोगॅट त्याचं लाडकं नाव, त्या ग्लुटामिनमधला नवा नत्र (नायट्रोजन) काढून साखरेपासून आलेल्या एका कार्बनच्या सांगाड्यावर बसवतं, आणि एकाच्या जागी दोन ग्लुटामेट मिळतात. एक पुन्हा कामाला, एक नफा. मी वर्गात याला विरजण म्हणायची: कालचं दही चमचाभर राखून ठेवल्याशिवाय आजचं लागत नाही. जुनी पाठ्यपुस्तकं या जागी ग्लुटामेट डिहायड्रोजनेज या वेगळ्याच विकराचं नाव सांगत. १९७४ मध्ये ली आणि मिफ्लिन या जोडीनं वनस्पतींत गोगॅटचा हा रस्ता दाखवला, तेव्हा ती बदलली.

ग्लुटामेट झालं की पुढं वाटणी. त्याच्याकडचा नत्राचा गट दुसऱ्या सांगाड्यांना दिला की ॲस्पार्टेट, ॲलनिन वगैरे होतात. ॲस्पार्टेटपासून लायसिन, थ्रिओनिन, मेथिओनिन. असं करत प्रथिनाला लागणारी वीसच्या वीस झाड स्वतः करतं. आपल्याला त्यातली नऊ जेवणातून घ्यावी लागतात. ज्वारीत लायसिन कमी, तुरीच्या डाळीत भरपूर. भाकरीबरोबर वरण खाणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना लायसिन हा शब्द माहीत नव्हता, पण जोडी बरोबर जमवली होती.

बिनकामाचा | १२ ऑगस्ट, सकाळी ८:१०

ग्लुटामेट म्हणजे चायनीजच्या गाड्यावरचा अजिनोमोटो तोच का?

पारंबी | १२ ऑगस्ट, सकाळी ८:२६

त्याचंच सोडियमचं मीठ. टोकियोच्या इकेदांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ती चव शोधली आणि तिला उमामी नाव दिलं. तुमच्या मुळात ती रात्रंदिवस बनते. कधी नव्हे तो कामाचा प्रश्न विचारलात.

नळदुर्गकर | १२ ऑगस्ट, दुपारी १:१५

उमामी निघालंच आहे तर वाहतुकीचं मी सांगतो. माझं पोट याच कामावर चालतं (हैदराबाद, प्रयोगशाळा, बाकी तपशील नको).

देवगिरीचा किल्ला पाहिलाय ना? खंदक ओलांडला तरी वर जायला अंधारीतूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. मुळाची रचना तशीच आहे. केसमुळांपासून आतल्या सालीपर्यंत पाणी आणि त्यात विरघळलेलं खत पेशींच्या भिंतीभिंतींतून, कुणाला न विचारता, येऊ शकतं. मग लागतो एका पेशीचा गोल तट, अंतस्त्वचा. तिच्या भिंतीत लिग्निनचा पट्टा भरलेला असतो. रॉबर्ट कास्पारी यांनी १८६५ मध्ये तो वर्णन केला म्हणून कास्पारी पट्टा. इथं भिंतीतली वाट बंद. पुढं जायचं तर जिवंत पेशीच्या पडद्यातून, म्हणजे पहारेकऱ्याला तोंड दाखवून. झाडात काय शिरणार याची तपासणी या पडद्यांवरच होते.

अमिनो आम्लांचे पहारेकरी वेगळे. पहिला १९९३ मध्ये सापडला, तोही मोठ्या युक्तीनं. प्रोलिन आत घेता न येणारी यीस्टची लंगडी जात घेतली, तिच्यात झाडाची जनुकं एकेक टाकली, आणि जी जगली तिच्यातलं जनुक ओळखलं. त्याला नाव मिळालं एएपी-१. पुढं त्याची भावकी सापडत गेली. एएपी-१ आणि एलएचटी-१ हे दोघं मुळाच्या बाहेरच्या अंगाला बसून मातीतलं अमिनो आम्ल आत ओढतात. म्हणजे तिफण, तुमच्या दुकानदाराचं निम्मं वाक्य खरं आहे: मूळ तयार अमिनो आम्ल घेऊ शकतं. उत्तर ध्रुवाकडच्या थंड, कुजकट मातीतली झुडपं तर नत्राचा चांगला वाटा असाच घेतात.

आत बनलेला माल वर चढवायचा तर तो जलवाहिनीत टाकावा लागतो. जलवाहिनी म्हणजे मेलेल्या पेशींचा पोकळ नळ, ती काही ओढून घेत नाही. शेजारच्या जिवंत पेशीनंच बाहेर ओतायचं. हे ओतणारे जे वाहक आहेत त्यांच्या घराण्याचं नाव शास्त्रज्ञांनी मुद्दाम 'उमामिट' जुळवलंय. विनोद शास्त्रज्ञही करतात, फक्त कळायला पीएचडी लागते. नळात पडलं की पुढं पानातून उडणारं पाणीच सगळं वर खेचतं.

यातलं थोडंफार वाटेतच दुसरे वाहक काढून घेतात आणि अन्नवाहिनीत टाकतात, म्हणजे पाणी न उडवणाऱ्या कोवळ्या शेंड्याला आणि शेंगांनाही मिळावं. आणि पानातली अमिनो आम्लं अन्नवाहिनीतून पुन्हा खाली मुळातही येतात. ती परत आलेली जास्त झाली की मूळ नायट्रेट ओढणं कमी करतं. घरात दळण पडलेलं असेल तर गिरणीत नवं कशाला न्यायचं, असला हिशेब.

तिफण | १२ ऑगस्ट, रात्री ९:०५

ताई, नळदुर्गकर, डोकं गरगरलं, पण समजलं. जेवताना बायकोला विरजणाचं सांगितलं तर म्हणाली, इतकी वर्षं मी लावायलेय तेव्हा कुणी शास्त्र म्हणलं नाही.

वरची कोवळी पानं पिवळी आहेत, शिरा हिरव्या. पाणी साचलं होतं तिथं मात्र खालचीही पिवळी. झाडं उद्या काढतो.

आता हिशेब. बाटलीत २० टक्के, म्हणजे लिटरमागं २०० ग्रॅम अमिनो आम्ल. त्यात नत्र किती?

नळदुर्गकर | १२ ऑगस्ट, रात्री ९:४८

कुठलं अमिनो आम्ल यावर आहे, पण मिश्रणाला १५ टक्के धरा. म्हणजे ३० ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २० किलो ७०० ग्रॅम नत्र असतं, आणि ती गोणी अनुदानात साधारण २६६ रुपयांना मिळते.

पिकाला किती लागतं तेही बघा. एका क्विंटल सोयाबीनमध्ये ३६ किलोच्या आसपास प्रथिन, प्रथिनाला सव्वासहानं भागलं की पावणेसहा ते सहा किलो नत्र. एकरी १० क्विंटल उतारा धरला तर नुसत्या दाण्यात साठेक किलो. तेवढं बाटल्यांनी द्यायचं तर दोन हजार बाटल्या.

बिनकामाचा | १२ ऑगस्ट, रात्री ९:५१

पंधरा लाख रुपये एकरी. शेत विकून बाटल्या घ्या.

कृषी_सेवक | १३ ऑगस्ट, सकाळी १०:२०

मी स्वतः दुकान चालवतो, निलंग्याकडं. इथं सगळे दुकानदाराला झोडायलेत म्हणून लिहितो. बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाला चालना देणारी द्रव्यं, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आलेत, आणि अमिनो आम्ल व प्रोटीन हायड्रोलायझेट (प्रथिन तोडून केलेलं मिश्रण) हा त्यातला एक रीतसर वर्ग आहे. ते खत नाही, म्हणून नत्राचा हिशेब लावून त्याला तोलणं चूक आहे. विरजण चमचाभरच लागतं, असं ताईच म्हणाल्या ना? माझे गिऱ्हाईक परत येऊन मागतात. परिणाम नसता तर आले असते का?

दुसरं, शेतकरी उधारीवर येतो आणि म्हणतो काहीतरी द्या, रान पिवळं पडलंय. त्याला 'पाणी काढा आणि थांबा' असं सांगितलं तर तो पुढच्या दुकानात जातो. हेही लिहा कुणीतरी.

नळदुर्गकर | १३ ऑगस्ट, दुपारी २:०२

मुद्दा वाजवी आहे. ग्लुटामेट हे झाडात नुसतं अन्न नाही, निरोपही आहे. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगाच्या रोपात मुळाच्या टोकाला अगदी थोडं ग्लुटामेट लागलं तरी मुख्य मूळ थबकतं आणि बाजूला फांद्या फुटतात, हे २००६ पासून माहीत आहे. त्यामुळे कमी मात्रेत काही घडूच शकत नाही असं मी म्हणणार नाही.

पण ते रोप काचेच्या तबकडीत, निर्जंतुक जेलीवर वाढलेलं होतं. तुमच्या रानात चमचाभर मातीत कोट्यवधी जिवाणू आहेत आणि अमिनो आम्ल म्हणजे त्यांचा पेढा. आळवणी केलेलं बहुतेक अमिनो आम्ल काही तासांत तेच फस्त करतात. मुळाच्या वाट्याला उरतं ते थोडं. फवारणीचं गणित वेगळं, तिथं निदान जिवाणूंची पंगत मधे नाही. आणि पिवळेपणा वाफसा आल्यावर आपोआपही जातो, त्यामुळे आठ दिवसांनी आलेली काळोखी बाटलीची की उन्हाची, हे शेजारी दोन ओळी कोऱ्या सोडल्याशिवाय सांगता येत नाही. तुमच्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी दोन ओळी सोडल्या?

कृषी_सेवक | १३ ऑगस्ट, दुपारी २:४०

एकानंही नाही. ते खरंय.

काळी_आई | १३ ऑगस्ट, रात्री ८:१५

माझी एक शंका हाय, धाग्याबाहेरची वाटंल. आम्ही सोयाबीनला तण उगवल्यावर इमॅझेथापायर मारतो. गवत लगेच मरत नाही, आधी वाढ थांबती, मग शेंडा पिवळा पडतो अन् पंधरा दिवसांनी वाळतं. सोयाबीनबी दोन-चार दिवस फिकं पडतं अन् सावरतं. हे कसं काय? एकाच फवाऱ्यात एक मेलं अन् एक जगलं?

पारंबी | १३ ऑगस्ट, रात्री ९:३०

धाग्याबाहेरची? अहो, धाग्याचं मर्मच ते! गेली कित्येक वर्षं मराठवाड्यातला प्रत्येक शेतकरी अमिनो आम्लांच्या कारखान्याला कुलूप लावतोय आणि त्याला कुणी सांगितलेलं नाही.

इमॅझेथापायर अडवतं ते ॲसिटोलॅक्टेट सिंथेज नावाचं विकर. ते बंद पडलं की व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन बनत नाहीत. औषध पानातून मुळाच्या टोकांपर्यंत आणि शेंड्यांपर्यंत फिरतं, जिथं नवी पेशी आणि नवं प्रथिन जोरात बनत असतं. तीन प्रकारच्या विटा संपल्या की बांधकाम थांबतं. जुनी भिंत लगेच पडत नाही, म्हणून तण सावकाश मरतं. सोयाबीन त्या औषधाचे तुकडे झपाट्यानं करून टाकतं, म्हणून चार दिवस कोमेजून उभं राहतं.

ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक दुसऱ्या कप्प्याला कुलूप लावतं: फिनाइलॲलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन. आणि ग्लुफोसिनेट हे तिसरं थेट आपल्या विरजणावर, ग्लुटामिन सिंथेटेजवर घाव घालतं. अमोनियमला जागाच मिळत नाही, ते साठत जातं, पानाचा प्रकाशसंश्लेषणाचा व्यवहार कोलमडतो आणि पान काही दिवसांत करपतं.

अमिनो आम्ल बाहेरून घेऊन झाडाचं भागलं असतं, तर आळवणीनं तणनाशक उतरवता आलं असतं. प्रयोगशाळेत, निर्जंतुक बाटलीत, ती अडलेली तीन आम्लं पुरवली तर रोपटं तगतंही. रानात तसं होताना दिसत नाही.

काळी_आई | १३ ऑगस्ट, रात्री ९:५५

आता समजलं. म्हणजे मी दरसाल कुलूप घेऊन फिरायले रानात.

तिफण | १४ ऑगस्ट, सायंकाळी ६:३०

आज तीन ठिकाणची झाडं काढली. वरच्या बांधाकडं गाठी भरपूर, फोडल्या तर डाळिंबाच्या दाण्यासारख्या. मधल्या पट्ट्यात मिसळ. खोलगटात गाठी आहेत, पण आतून करड्या-हिरवट, काही तर दाबल्या की चिखल. मुळं तांबूस, वास आंबूस.

ताई, गाठीत काय चालतं? हवेतला नत्र जिवाणू घेतात इथपर्यंत माहीत आहे.

पारंबी | १५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

झेंडावंदनाआधी लिहून टाकते.

गाठीत ब्रॅडिरायझोबियम जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात. दर रेणूमागं १६ एटीपी (पेशीतली ऊर्जेची नाणी), म्हणजे महागडा धंदा, आणि सगळा खर्च झाडाच्या साखरेतून. लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाऊच, आणि त्यालाही लोह लागतं. जिवाणूचं विकर प्राणवायूनं बिघडतं, पण जिवाणूला श्वासाला तोच लागतो. म्हणून लेगहिमोग्लोबिन तो मोजून-मापून पोचवतं. जिवाणू अमोनिया स्वतःकडं ठेवत नाही, झाडाकडं सोपवतो. तिथून पुढं तेच विरजण: ग्लुटामिन सिंथेटेज.

पण सोयाबीन, तूर, मूग, उडीद, चवळी यांची एक खास खोड आहे. ती गाठीतला नत्र मुख्यतः अमिनो आम्लांच्या रूपात वर पाठवत नाहीत. ग्लुटामिनपासून प्युरिन, प्युरिनपासून युरिक ॲसिड (हो, तेच, ज्यानं आपला अंगठा सुजतो) आणि त्याचं ॲलंटोइन. ॲलंटोइनमध्ये चार कार्बनला चार नत्र. ॲस्परॅजिनमध्ये चार कार्बनला दोनच. म्हणजे तेवढ्याच पोत्यात दुप्पट माल, कार्बनचं भाडं निम्मं. वर पानात गेल्यावर ते फोडून पुन्हा अमिनो आम्लं करतात. हरभरा मात्र ॲस्परॅजिनवरच चालतो. याला 'जुनी वहिवाट' म्हणायचं का ते उत्क्रांतीवाल्यांना विचारा.

(ॲस्परॅजिन हे शुद्ध रूपात वेगळं काढलेलं पहिलं अमिनो आम्ल. १८०६, पॅरिस, व्होकलँ आणि रोबिके. काढलं ॲस्परॅगसच्या कोंबांतून, म्हणजे आपल्या शतावरीच्या बहिणीतून.)

एकदा पोरांना हे डोळ्यांनी दाखवलं होतं. पहाटे ओल्या मातीतलं रोप बुडाशी कापलं की मुळाच्या दाबानं खुंटावर थेंब येतो. तो थेंब म्हणजे मुळानं वर पाठवलेली डाकच. गाळण कागदावर टिपायचा, निनहायड्रिन शिंपडायचं, ऊब द्यायची. अमिनो आम्ल असेल तर डाग जांभळा पडतो. पोलीस कागदावरचे बोटांचे ठसे याच द्रव्यानं उठवतात. आमच्याकडं दोन कुंड्या होत्या: एकीत गाठी नसलेलं, वाळूत नायट्रेटवर पोसलेलं सोयाबीन, दुसरीत रानातून आणलेलं गाठीवालं. पोरांची पैज गाठीवाल्यावर. निघालं उलटं, गाठीवाल्याचा डाग फिका. सगळे खट्टू. मग सांगितलं, बाळांनो, डाक आली आहे, फक्त वेगळ्या पाकिटात. ॲलंटोइनला निनहायड्रिन ओळखत नाही. त्यातला एक पोरगा आज माती परीक्षणाचं काम करतो.

आता तुमचं खोलगट. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या, हवा गेली. मुळाला साखर पूर्ण जाळता येईना, गाठीला तर नाहीच नाही. अशा वेळी मूळ एक शहाणपण करतं: अर्धवट जळलेल्या साखरेचा सांगाडा, पायरुव्हेट, सगळा दारू होऊन वाया जाण्याआधी त्याला नत्राचा गट देऊन ॲलनिन बनवून साठवतं. पाण्यात बुडालेल्या मुळात ॲलनिन चढतं ते यामुळे. वाफसा आला की ॲलनिन मोडून सांगाडा परत वापरात. म्हणून दोन-तीन दिवसांचं पाणी पीक पचवतं. आठ दिवसांत गाठी मरायला लागतात.

तेव्हा दुकानदार म्हणाला ते, 'मुळाला बनवायची ताकद राहिली नाही', बरोबरच होतं. पण ताकद गेली ती हवेअभावी. चूल विझलेली असताना आपण दारात शिधा नेऊन ठेवतोय.

काळी_आई | १५ ऑगस्ट, सकाळी ११:१०

म्हणूनच आम्ही दोन सालापासून बीबीएफनं पेरतो. रुंद वरंबा, दोन्ही अंगाला सरी. पाणी सरीत जातं, मुळं वर हवेत. औंदा वरंब्यावर गाठी लाल हायेत, सपाट पेरलेल्या पट्ट्यात नाहीत. शेजारी हसले होते, ट्रॅक्टरवाला जास्त घेतो म्हणून.

तिफण | १५ ऑगस्ट, रात्री ८:४०

आणि वरच्या पानांचं? बांधाकडं गाठी लाल असूनही शेंड्याचं पान पिवळं, शिरा हिरव्या.

नळदुर्गकर | १५ ऑगस्ट, रात्री ९:३५

नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालचं पिवळं. लोह तसं हलवता येत नाही, म्हणून नवं पान पिवळं. तुमच्या खोलगटात दोन्ही आहे, बांधाकडं फक्त लोह. आपल्या चुनखडी रानात लोह भरपूर असतं, पण कुलूपबंद. ओल धरली की बायकार्बोनेट वाढतं आणि कुलूप आणखी घट्ट. उसात याच पिवळेपणाला केवडा म्हणतात.

इथंही अमिनो आम्ल येतंच. गवतवर्गी पिकं, म्हणजे गहू, सातू, मका, मुळात मेथिओनिनपासून एक खास आम्ल बनवून मातीत सोडतात. ते लोहाला मिठी मारतं आणि मूळ ती जोडी अख्खीच आत ओढून घेतं. जपानच्या ताकागींनी १९७६ मध्ये हे दाखवलं. नाव मुगिनेइक आम्ल. जपानीत मुगी म्हणजे सातू, आपल्या मुगाशी संबंध नाही. सातू यात पटाईत, ज्वारी बरीच मागं. सोयाबीन-भुईमुगाला ही कला येत नाही, ते मुळाशी आम्ल सोडून लोह विरघळवू बघतात आणि चुनखडी ते आम्ल गिळून टाकते. चीनमध्ये मक्याच्या शेजारी लावलेला भुईमूग कमी पिवळा पडतो असं दिसलंय, शेजाऱ्याच्या उष्ट्यावर.

तुम्हाला आत्ता करायचं ते साधं: फेरस सल्फेट अर्धा टक्का, पाण्यात आधी थोडं सायट्रिक आम्ल, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर फवारा.

कृषी_सेवक | १५ ऑगस्ट, रात्री १०:१२

जमिनीतून द्यायचं असेल तर आपल्या रानाला ईडीटीए या द्रव्यात बांधलेलं लोह देऊ नका, पीएच सातच्या पुढं ते टिकत नाही. ईडीडीएचए या द्रव्यात बांधलेलं लागतं, महाग आहे. फवारणीच परवडते. हे मी दुकानदार असून सांगायलोय, नोंद घ्यावी.

बिनकामाचा | १५ ऑगस्ट, रात्री १०:१५

नोंद घेतली. स्क्रीनशॉटही घेतला.

तिफण | २६ ऑगस्ट, रात्री ९:२०

उशिरा लिहितोय. खालच्या अंगाला चर काढून पाणी ओढ्याला सोडलं, तिसऱ्या दिवशी वाफसा आला. फेरस सल्फेट दोनदा फवारलं. बांधाकडचं शेंड्याचं पान हिरवं झालंय. खोलगटातली निम्मी झाडं सावरली, नव्या मुळांवर बारीक नव्या गाठी दिसायल्यात, अजून पांढऱ्या आहेत. उरलेली निम्मी गेली.

बाटली मधल्या पट्ट्यात चार ओळींना आळवणी केली आणि शेजारच्या चार कोऱ्या ठेवल्या, नळदुर्गकर म्हणाले तसं. बायकोला न सांगता विचारलं, कुठल्या ओळी हिरव्या दिसतात? तिनं कोऱ्यांकडं बोट केलं. पोरीला विचारलं तर तिनं आळवणीच्या दाखवल्या. उरलेली बाटली देवळीत आहे.

काळी_आई | २६ ऑगस्ट, रात्री ९:४५

पोरीला गाठी दाखवल्या का फोडून?

तिफण | २६ ऑगस्ट, रात्री ९:५८

दाखवल्या, तीच चूक झाली. शाळेतून आली की रोज एक झाड उपटायलीय, आत लाल आहे का बघायला. काल मैत्रिणीही आणल्या होत्या.